काळ्या मोटारीस घरच्या घरीं यंत्रानें मेण लावणें

काळ्या रंगाची मोटार घेऊं नये, असा सल्ला आमच्या एका जुन्या स्नेह्यांनीं चार वर्षांपूर्वीं आम्हांस दिला होता. सल्ला शांतपणें ऐकून घेऊन त्याच्या नेमकें उलट वागण्याची जी आपली पुरातन चाल, तीस अनुसरून आमच्या वडील बंधूंनीं गर्द काळी, आरशासारखी लखलखणारी गाडी दारांत आणून उभी केली. पहिले सहा महिने येणारा-जाणारा तिच्या दारापुढें उभा राहून आपले केस सारखे करून घेई. पुढें आरसा अंधुक झाला खरा, पण रोजच्या पाहण्यांतलें रूप हळूहळू उतरतें तें आपल्या ध्यानांत येत नाहीं, तसें आमचें झालें.

दोन वर्षांपूर्वींच्या दसऱ्यास गाडीची पूजा झाली, झेंडूची माळ चढली, आणि संध्याकाळीं सोनें द्यावयास येणाऱ्यांची वर्दळ सुरू असतां रस्त्यावरचा दिवा लागला. त्या दिव्याचें प्रतिबिंब बॉनेटवर पडलें होतें व त्याच्या भोंवतीं कोळ्यानें विणल्यासारखें बारीक तंतूंचें गोल जाळें पसरलेलें दिसत होतें. आमच्या वहिनींनीं तें पाहिलें, आणि “अगबाई, सणाच्या दिवशीं जाळें राहिलें कीं!” असें म्हणून पदरानें पुसलें. जाळें पुसलें गेलें नाहीं. दिव्याकडे पाहत त्या दोन पावलें सरकल्या, तों जाळेंही त्यांच्या बरोबर सरकलें. तें कोळ्याचें नव्हतें. रंगावर पडलेले तें सहस्रावधि ओरखडे होते.

दुसऱ्या दिवशीं घरांत जी सभा भरली तींत आरोपी एकमतानें ठरला. रोज पहांटे येऊन गाडी पुसून जाणारे एक वयस्क गृहस्थ आहेत. त्यांस आम्ही सर्वजण मामा म्हणतों. “कसल्या चिंधीनें पुसतात कोण जाणे!” हें वाक्य त्या सभेंत निदान चार मुखांतून निघालें, व त्यांतील एक मुख आमचें होतें, हें येथें कबूल केलेलें बरें. नुकत्याच इंजिनियर झालेल्या आमच्या पुतण्यानें मात्र सांगितलें, कीं दोष कोणाचाही असो, उपाय सोपा आहे; यंत्र आणावें, पॉलिश व मेण आणावें, आणि एका रविवारांत गाडी नव्यासारखी करावी. त्या रविवारीं काय घडलें तें सांगण्यापूर्वीं, हें जाळें काळ्या गाडीवरच कां दिसतें, एवढें समजून घेणें अवश्य आहे. कारण आमची पहिली चूक तेथेंच झाली.

गुळगुळीत पृष्ठभागावर पडलेला प्रकाश एकाच दिशेनें परत फिरतो. ओरखड्याच्या कडेवर पडलेला प्रकाश मात्र विखुरतो. पांढरा रंग स्वतःच सर्व बाजूंनीं प्रकाश उधळीत असतो, म्हणून त्या लखलखाटांत ओरखड्याची बारीक चमक हरवून जाते. काळा रंग उरलेला सर्व प्रकाश गिळून टाकतो, आणि मग ओरखडा तेवढा उजळ रेषेसारखा उठून दिसतो. तारे दिवसाही आकाशांत असतातच; ते दिसावयास मागें काळोख लागतो, तसाच हा प्रकार. ओरखडे वास्तविक आडवे-उभे सर्व दिशांनीं पडलेले असतात. परंतु दिवा व आपला डोळा यांच्या संबंधानें ज्यांची दिशा जुळते तेवढेच चमकतात, म्हणून दिव्याभोंवतीं वर्तुळें असल्याचा भास होतो. शेजाऱ्यांची पांढरी गाडी आम्हीं त्यांच्या परवानगीनें रात्रीं विजेरीच्या उजेडांत अगदीं जवळून पाहिली. तिच्यावरही जाळें होतेंच. तात्पर्य, काळी गाडी अधिक खराब होते असें नव्हे, ती लपवीत नाहीं इतकेंच.

आतां रंगाविषयीं. मोटारीच्या पत्र्यावर प्रथम अस्तराचा थर, त्यावर रंगाचा थर आणि सर्वांत वर पारदर्शक वार्निशाचा थर असतो. या शेवटच्यास कारागीर क्लिअर कोट म्हणतात. झळाळी सगळी या वरच्या थराची, आणि ओरखडेही बहुतेक त्यांतच असतात. त्याची जाडी सामान्यतः चाळीस ते पन्नास मायक्रॉन असते. घरांतल्या साध्या छपाईच्या कागदाचें एक पान सुमारें शंभर मायक्रॉन जाड असतें. म्हणजे ज्या तकाकीवर आपण एवढा जीव टाकतों ती अर्ध्या कागदाइतकीही जाड नाहीं. आणि उन्हापासून रंगाचें रक्षणही तोच थर करीत असतो.

येथें एक भेद मनांत पक्का ठसवावयास पाहिजे. पॉलिश करणें आणि मेण लावणें या दोन गोष्टी भिन्न आहेत. किंबहुना एकमेकींच्या उलट आहेत. पॉलिशांत अतिसूक्ष्म घर्षक कण असतात. ओरखड्याच्या तळापर्यंत आजूबाजूचें वार्निश झिजवून सर्व पृष्ठभाग एका पातळीवर आणावयाचा, हें त्याचें काम. म्हणजे पॉलिश कांहीं देत नाहीं, काढून घेतें. मेण याच्या उलट कांहींही न काढतां वर एक पातळ आवरण देतें. मेणानें ओरखडा जात नाहीं, आणि पॉलिशानें संरक्षण मिळत नाहीं. एक खर्च आहे, दुसरें जमा आहे. आणि ज्या ठेवींतून हा खर्च होतो ती अर्ध्या कागदाइतकी आहे.

“महिन्यास एकदां गाडीला पॉलिश मारावें” असें आपल्या घरांतील वडील मंडळी सांगतात, तें चुकीचें नव्हे, जुनें आहे. मोटारींच्या आरंभीच्या काळांत रंगाचे थर हातानें देऊन वाळवावयास आठवडेच्या आठवडे लागत. फोर्डची प्रसिद्ध टी मॉडेल गाडी 1914 पासून 1925 पर्यंत केवळ काळ्या रंगांतच विकली जात असे. 1923 सालीं अमेरिकेंत ओकलंड गाड्यांवर ड्यूको नांवाचें जलद वाळणारें लॅकर आलें, आणि रंगांची विविधता स्वस्त झाली. या जुन्या रंगांवर सहसा आजच्यासारखा पारदर्शक थर नसे. ऊन लागून रंगच वरून विटे, पांढुरकी भुकटी धरी, आणि ती घासून काढल्यावर खालून ताजा रंग निघे. त्या गाड्यांस वारंवार पॉलिश हवेंच होतें. 1980 नंतरच्या दशकांत पारदर्शक थराची पद्धति सर्वत्र रूढ झाली. रंगाची पद्धति बदलली, पण वडिलांचा उपदेश तोच राहिला.

मेणाविषयीं थोडें सांगतों. मोटारीचें उत्तम मेण कार्नोबा नांवाच्या ताडाच्या जातीच्या झाडापासून मिळतें. हें झाड ब्राझीलच्या ईशान्य भागांतील रुक्ष प्रदेशांत होतें. उन्हापासून आपल्यांतला ओलावा राखण्यासाठीं तें आपल्या पानांवर मेणाचा लेप धरतें. पानें तोडून, वाळवून, झोडपून तें मेण काढितात. मधमाशीचें मेण सुमारें त्रेसष्ट अंशांवर वितळतें, कार्नोबा ब्याऐंशी ते शाऐंशी अंशांपर्यंत टिकतें. काळा पत्रा वैशाखाच्या उन्हांत हात ठेववत नाहीं इतका तापतो, तेव्हां या कठीणपणाचें महत्त्व सांगणें नकोच. तरीही आपल्या उन्हापावसांत हें मेण कांहीं आठवडे, फार तर दोन महिने टिकतें. कृत्रिम सीलंट म्हणून मिळणारीं द्रव्यें त्याहून अधिक काळ टिकतात; काळ्या रंगावर कार्नोबाची जी खोल, ओलसर झळाळी येते ती मात्र पुष्कळांस अधिक आवडते.

आतां तो रविवार. पुतण्यानें ओळखीच्या एका कारागिराकडून यंत्र मागून आणलें. तें रोटरी जातीचें होतें, म्हणजे ज्याची चकती एकाच आंसाभोंवतीं मिनिटास हजार ते तीन हजार फेरे घेते तें. अशा यंत्राची सगळी उष्णता एका जागीं साठते. सराईत हातांत तें चमत्कार करतें. नवख्या हातांत काय करतें तें आम्हीं पाहिलें. बॉनेट सुरेख निघालें, जाळें नाहींसें झालें, घरांतून चहा आला. मग डिकीच्या झांकणाच्या कडेवर चकती क्षणभर टेकली. कडेवर व उंचवट्यावर रंगाचा थर मुळांतच पातळ असतो आणि दाब सगळा एका रेघेवर येतो. जळका वास आला. चकती उचलून पाहतों तों पांढऱ्या फोमवर काळा डाग! पारदर्शक थर असलेल्या गाडीचा रंग चकतीवर आला, याचा अर्थ तो थर तेथें संपला. बोटभर लांबीची एक निस्तेज, करडी पट्टी कडेवर उमटली होती. ती आतां कोणत्याही पॉलिशानें जाणार नव्हती. ती घालवावयाची तर सारें झांकण पुन्हा रंगवावें लागतें. पुतण्या यंत्र हातांत घेऊन तसाच उभा राहिला. वडील बंधु पुढें झाले, त्यांनीं पट्टीवरून बोट फिरविलें, आणि “चहा गार होतोय,” एवढेंच म्हणाले.

त्यानंतर आम्हीं अभ्यास केला व दुसऱ्या जातीचें यंत्र विकत घेतलें. यास ड्युअल ॲक्शन म्हणतात. याची चकती स्वतःभोंवतीं फिरते आणि त्याच वेळीं आठ, पंधरा किंवा एकवीस मिलिमीटरांच्या लहान कक्षेंत डोलतेही. त्यामुळें उष्णता एका जागीं साठत नाहीं, आणि बहुतेक यंत्रांत दाब फार झाला तर चकतीचें फिरणें आपोआप थांबतें. घरीं काम करणारानें हेंच घ्यावें. आमच्या अनुभवावरून ठरलेली रीत पुढें देतों.

काम सावलींत व गाडी थंड असतां करावें. थंडीच्या दिवसांतील सकाळ उत्तम. तापलेल्या काळ्या पत्र्यावर पाणी आटून क्षारांचे पांढरे डाग बसतात, आणि विहिरीचें वा टँकरचें जड पाणी असेल तर ते अधिकच हट्टी होतात.

प्रथम नुसत्या पाण्याची धार सोडून सुटी धूळ वाहून जाऊं द्यावी. मग दोन बादल्या घ्याव्यात. एकींत गाडीचा साबण, दुसरींत नुसतें पाणी. फडकें साबणांत बुडवून एक भाग धुवावा, दुसऱ्या बादलींत खळबळून मगच पुन्हा साबणांत घालावें. बादलीच्या तळाशीं भोंकांची चाळण उपडी ठेवली म्हणजे रेती तिच्या खालीं बसते व फडक्यास पुन्हा लागत नाहीं. यासाठीं मोदकपात्रांतली चाळण मात्र नेऊं नये; तो प्रयोग आमच्या येथें होऊन गेला व त्याचें फळही भोगून झालें. वरून खालीं धूत यावें. चाकांचें फडकें निराळें असावें आणि त्यानें अंगास शिवूं नये. ज्या घरांत सोंवळें-ओंवळें एके काळीं पाळलें गेलें, तेथें हा नियम समजावून सांगण्याची गरज पडूं नये! जमिनीवर पडलेलें फडकें त्या दिवसापुरतें बाद समजावें. पुसावयास मायक्रोफायबरचीं मऊ कापडें घ्यावींत व त्यांवरची शिवलेली चिठ्ठी आधीं कापून टाकावी.

धुतल्यावर हातास पातळ प्लास्टिकची पिशवी घालून रंगावरून बोटें फिरवावींत. खरखर लागली तर रस्त्यावरील लोखंडाची धूळ, झाडांचा चीक वगैरे रंगांत रुतून बसलेलें आहे असें समजावें. तें काढण्यासाठीं क्ले नांवाची मातीसारखी मऊ वडी मिळते. साबणाचें पाणी भरपूर शिंपडून ती हलक्या हातानें फिरवावी. वडी खालीं पडली तर ती टाकून द्यावी, हळहळूं नये.

ओरखडे फार असतील तरच पॉलिश करावें, आणि तेंही प्रथम हातभर जागेंत, सर्वांत मऊ चकतीनें व सर्वांत सौम्य द्रव्यानें करून पाहावें. तेवढ्यानें भागलें तर अधिक कडक द्रव्यास हात लावूं नये. नख अडकतें एवढा खोल ओरखडा यंत्रानें काढावयास जाऊं नये. त्याच्या तळापर्यंत पोंचेतों थरच संपेल. कडा, उंचवटे व रबरी पट्ट्या यांवर आधीं कागदी चिकटपट्टी लावावी. अंगठी, घड्याळ व कमरेचा पट्टा काढून ठेवावा. यंत्राची तार खांद्यावरून पाठीमागें सोडावी, म्हणजे ती रंगावर घासत नाहीं. कांहीं पॉलिशांत तेलें असतात. तीं ओरखडे भरून काढून तात्पुरतें झांकतात आणि चार धुण्यांत सर्व उघडें पडतें. म्हणून पॉलिशानंतर पाणी घातलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलनें ती जागा पुसून खरी स्थिति पाहावी.

आतां मेण. यासाठीं सर्वांत मऊ, स्वच्छ चकती घ्यावी. तिजवर हरभऱ्याएवढे तीन-चार ठिपके द्यावेत, अधिक नकोत. चकती पत्र्यावर सपाट टेकवून मगच यंत्र सुरू करावें. हवेंत सुरू केलें तर मेण भिंतीवर व आपल्या अंगावर उडतें. वेग सर्वांत कमी ठेवावा. यंत्राचें स्वतःचें वजन हाच पुरेसा दाब. आपण फक्त दिशा द्यावी. दोन हात लांब-रुंद एवढा एकेक भाग घेऊन, प्रथम आडवें व मग उभें, प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर निम्मा येईल असें सावकाश फिरवावें. थर इतका पातळ असावा कीं तिरपें पाहिल्यावांचून दिसूं नये. जाड थरानें चकाकी वाढत नाहीं. पुसण्याचे श्रम वाढतात व काळ्या रंगावर पांढुरके पट्टे राहतात. काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांस मेण लागूं देऊं नये, तेथें तें पांढरें होऊन बसतें. दहा-वीस मिनिटांनीं थर धुरकट झाला म्हणजे बोटानें एक रेघ ओढून पाहावी. खालून स्वच्छ काळा रंग निघाला तर मेण वाळलें. मग स्वच्छ कापडानें, घडी वारंवार पालटीत, हलक्या हातानें पुसून घ्यावें.

हें सर्व करून आमची गाडी पुन्हा आरशासारखी झाली. पण जाळें आलें कोठून, हा प्रश्न तसाच होता. आणि तो न सुटेल तर दर वर्षीं अर्ध्या कागदांतून कांहीं भाग खर्च करीत राहावें लागणार होतें. म्हणून एके पहांटे आम्ही स्वतः खालीं उतरलों. मामा गाडी पुसत होते. बादली एक, तींतलें पाणी गढूळ. हातांत फडकें होतें, तें आम्हीं ओळखलें. आमचाच जुना सदरा होता तो, वर्षापूर्वीं घरांतून त्यांस दिलेला. शिवणी तशाच होत्या आणि पुढचें एक बटणही जागेवर होतें.

“मामा, पाणी बदलून कां घेत नाहीं?” आम्हीं विचारलें.

“साहेब, बारा गाड्या हाईत. नळ साडेपांचाला सुटतो, साडेसहाला जातो. सगळ्यांनीं मिळून बादली दिली ती ही एकच.” मग थोडें थांबून ते म्हणाले, “आन् रोज पुसली न्हाई तर मालक म्हनत्यात, मामा आलेच न्हाईत.”

याला आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. कोरड्या धुळीवर रोज ओलें फडकें फिरविणें म्हणजे रंगावर रोज रेती घासणें होय, आणि तें रोज व्हावें असा आग्रह आमचाच होता. बादली आम्हीं दिलेली, सदरा आम्हीं दिलेला, घाईही आम्हींच लावलेली. मामांच्या वाट्याचा त्यांत केवळ हात होता. वहिनींचा पदर व झेंडूची माळ यांचाही त्या जाळ्यांत थोडा वांटा असणारच, पण सभेंत त्यांचें नांव कोणी काढलें नव्हतें.

तेव्हांपासून आमच्या गाडीस रोज पुसणें बंद आहे. आठवड्यांतून दोनदां, दोन बादल्या व मऊ कापडें घेऊन मामा ती धुतात. पगार पूर्वींचाच आहे. पक्ष्यांची विष्ठा मात्र दिसतांच ओल्या कापडानें भिजवून उचलून घ्यावी लागते, कारण ती उन्हांत वार्निश खाते; तेवढें काम घरांतलीं मुलें करतात. दर दोन महिन्यांनीं एका रविवारीं मेण लावतों. पॉलिशाची बाटली त्या दिवसानंतर पुन्हा उघडावी लागलेली नाहीं.

गेल्या दसऱ्यास माळ बॉनेटवरून न ओढतां आरशास बांधिली, हळदकुंकवाचें बोट काचेवर लावलें, आणि वडील बंधूंच्या सांगण्यावरून नारळ मामांच्या हातून वाढविला. डिकीच्या कडेवरची करडी पट्टी अद्याप तशीच आहे. तेवढें झांकण रंगवून घ्यावें असें पुतण्या अधूनमधून सुचवितो. वडील बंधु म्हणतात, राहूं द्या. यंत्र हातांत घेण्यापूर्वीं घरांतल्या प्रत्येकानें ती एकदां पाहून घ्यावी.